‘शे’च्या जागी ‘आहे’

धुळे, २ मे २०२४

चि. मयुरीस नानाचे अनेक आशीर्वाद.

नात विद्यापीठात पीएच.डी. करणार, आणि विषय आपल्या खानदेशी बायका अक्षय्यतृतीयेला झोक्यावर म्हणतात त्या आखाजीच्या गाण्यांतली बोली! छाती फुगली. सोबत माझी वही पाठवतो. माझी थोरली बहीण, चोपड्याची मंजुळाअक्का, झोक्यावर म्हणायची ती चाळीस गाणी मी एकाहत्तर साली उतरवली. तेव्हा मी नवा मराठीचा मास्तर. दुपारी अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा. तो सूर अजून कानात आहे.

वहीत शुद्धलेखनाची एकही चूक सापडणार नाही. तुझ्या मागच्या पत्रात सात सापडल्या. तांबड्या खुणा करून परत पाठवतो. लोभ आहेच, तो ऱ्हस्वदीर्घासह वाढावा.

तुझा,
नाना

जळगाव, २१ मे

ती. स्व. नानांस मयुरीचा सा. न.

सातपैकी एक खूण चुकीची आहे, भांडायला सुट्टीत येते. पण आधी हे वाचा. काल संशोधन समितीपुढे वही ठेवली. माझ्या मार्गदर्शक जीनत मॅडमनी दोन पानं वाचून वही मिटली. मग म्हणाल्या, की चोपड्याची बाई झोक्यावर ‘माझ्या माहेरची वाट लांब आहे’ म्हणेल का? ती ‘मन्हा माहेरनी वाट लांब शे’ म्हणेल. चाळीस गाण्यांत एक ‘शे’ नाही, ‘सगळा’च्या जागी एक ‘बठ्ठा’ नाही. एक सर हसले, की ही गाणी बाईनं म्हटली की पाठ्यपुस्तकानं?

पंधरा जूनपर्यंत मूळ गाणी दाखवली नाहीत, तर विषय रद्द. कच्चे कागद असतीलच ना? उत्तराची फार वाट बघते.

आपली,
मयुरी

धुळे, २७ मे

चि. मयुरीस आशीर्वाद.

कच्चे कागद नाहीत. वही सुवाच्य झाल्यावर ते मी बंबात घातले. मला वाटलं, गाणी धुऊनपुसून ठेवतोय. तुझ्या त्या सरांनी हसू नये. ‘शे’ म्हणणाऱ्या पोराला मी बाकावर उभा करायचो. मलाही कुणीतरी केलंच होतं. शुद्ध केलेली गाणी अक्कालाही पाठ करायला लावली. ती म्हणाली होती, की भाऊ, झोका अडखळस. मी हसलो.

तू चोपड्याला जा. अक्काची ब्याऐंशी उलटली, पण तिला सगळं तोंडपाठ आहे.

नाना

जळगाव, १० जून

ती. स्व. नानांस सा. न.

जाऊन आले. अक्काआजीनं ‘कव्हय उनी वं माय’ म्हणत, कधी आलीस विचारत जवळ घेतलं, बठ्ठ्यांची चौकशी केली. मी रेकॉर्डर लावला तशा त्या ताठ बसल्या, पदर सारखा केला आणि चाळीसच्या चाळीस गाणी म्हटली. सगळी तुमची. सगळीकडे ‘आहे’. जुनी म्हणा म्हणून मी पाया पडले, तर म्हणाल्या, की त्या बठ्ठा गाना इसरी गऊ पोरी. तुन्हा नानाले सांग, एक बी चूक व्हयनी नही.

मॅडमनी विषय बदलून दिलाय: शाळेच्या मराठीनं बायकांची गाणी कशी पुसली. पहिला पुरावा तुमची वही, नावानिशी. जोडू का?

आज लोभाची ओळ लिहवत नाही.

मयुरी

धुळे, १६ जून

चि. मयुरीस,

जोड. नाव पूर्ण दे, हुद्द्यासकट.

काल अक्काला फोन लावला. इतक्या वर्षांनी ती बोली तोंडात घेताना जीभ अडली, तरी विचारलं, की अक्का, कशी शे तू? पलीकडून एकेक अक्षर नीट उच्चारत ती म्हणाली, की मी बरी आहे, भाऊ.

नाना