दारावरची बी. ए.

८ जानेवारी २०२४, सोमवार

कॉलेजांना दर्जा देणारी नॅकची समिती ६ आणि ७ फेब्रुवारीला येणार. प्राचार्य वाघमोडे यांनी सकाळी फोनवर सांगितलं. दुपारी नॅकचं काम बघणाऱ्या आयेशा मॅडमनी ईमेल दाखवला. दोन सूत्रं — बातमी पक्की. छत्तीस वर्षं पेपरात काढल्यावर एका तोंडावर विश्वास ठेवायची सवय राहत नाही.

कॉलेजचा जुना 'बी' दर्जा संपत आलाय. नवा मिळाला नाही, तर संस्था हे सकाळचं कॉलेज हायवेवरच्या मोठ्या कॉलेजात मिसळून टाकणार. म्हणजे सात ते अकरा शिकून पुढे कामावर जाणारी सव्वातीनशे पोरं-पोरी घरी बसणार. संस्थेच्या सचिवांनी हे भर सभेत सांगितलं, त्यामुळे दुसऱ्या सूत्राची गरज नाही.

माझं काम — समितीच्या हातात द्यायच्या माहितीपुस्तिकेची मुद्रितं तपासणं. बेचाळीस पानं. मुदत ३० तारीख.

फाटकात शिपाई नागव्वानं अडवलं. "सायेब, नाक येनार म्हनं? कुनाचं?"

"आपलंच."

"मंग साबन आनाया पायजे," म्हणाली आणि गेली.

१० जानेवारी

पान तेरापर्यंत मजेत होतो. 'वृक्षारोपन'चं 'वृक्षारोपण' केलं, 'शौच्छालय' सुधारलं, 'विद्यार्थीनी'ची दीर्घ वेलांटी सतरा ठिकाणी ऱ्हस्व केली.

पान चौदा. 'माजी विद्यार्थी संघ. अध्यक्ष — अण्णाराव म. बिराजदार, बी. ए. (१९८६), ज्येष्ठ पत्रकार.'

अध्यक्ष मी खरा. डिसेंबरात अकरा माणसांची सभा झाली, चहा यायच्या आत मला निवडलं. पत्रकारही खरा. मधलं तेवढं खोटं.

मी बी. ए. नाही. हे आजवर कुठंही लिहिलेलं नाही, इथं पहिल्यांदा लिहितोय. एप्रिल ८६ ला परीक्षा दिली, मे महिन्यात लग्न झालं, जुलैत पेपरात पास झालेल्यांचे नंबर छापून आले. माझा ४१७६. यादीत नव्हता. अर्थशास्त्राचा पेपर वाईट गेलाच होता, त्यामुळे आश्चर्यही वाटलं नाही. लाजेनं परत कॉलेजची पायरी चढलो नाही. पंधरा दिवसांनी त्याच पेपरात मुद्रितशोधक म्हणून लागलो — माझ्या आधीच्या माणसाकडून फार चुका राहत होत्या म्हणून त्याला हलवलं होतं. संपादकांनी माझी मार्कलिस्ट विचारलीच नाही. एक परिच्छेद तपासायला दिला, अकरा चुका काढल्या, खुर्ची दिली.

पण सासऱ्यांनी लग्नातच पितळी पाटी करून आणली होती. अण्णाराव म. बिराजदार, बी. ए. निकालाआधीच! तीच पाटी आजवर दारावर आहे. गिरिजा दर दिवाळीला चिंच लावून घासते. बाकीची अक्षरं झिजली, 'बी. ए.' मात्र ठसठशीत.

आता समितीनं विचारलं तर? आख्ख्या पुस्तिकेत एक खोटं सापडलं की बाकी एकेचाळीस पानांवर कोण विश्वास ठेवणार? पेपरात असताना मी तरी ठेवला असता का?

१५ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेमुळे कॉलेज बंद. गिरिजाबरोबर जत्रेत गेलो. ती आकाशपाळण्यात बसली, मी खाली उभा राहून पान चौदाचा विचार करत होतो. उतरल्यावर म्हणाली, "वरनं बघितलं तर तुमीच गरगरताय असं वाटत होतं."

१७ जानेवारी

सोपा उपाय सुचला. मुद्रितात 'बी. ए.' खोडायचं, बस. वर रेघ मारली, समासात 'काढून टाका'ची खूण केली — गाठ आणि खाली शेपूट. तीस हजार वेळा केली असेल आयुष्यात.

२० जानेवारी

मुद्रित परत आलं. 'अण्णाराव म. बिराजदार, बी. ए. ९.'

डीटीपीवाल्याला खूण माहीतच नाही. त्यानं ती नऊ वाचली! आयेशा मॅडमही गोंधळल्या. "सर, ये नऊ कायकू? नऊ विषय घेतले होते का तुम्ही?"

"खूण आहे ती. काढून टाका अशी."

"हां हां, नऊ काढते," म्हणाल्या. नऊ काढला. बी. ए. जागेवर.

मी मग 'बी. ए.'भोवती लाल गोल केला. ठळक. आता तरी कळेल.

२३ जानेवारी

'अण्णाराव म. बिराजदार, एम. ए.'

चौकशी केली. घटनाक्रम असा — गोल पाहून डीटीपीवाल्याला वाटलं, पदवी चुकलीय. त्यानं प्राचार्यांना फोन लावला. प्राचार्य म्हणाले, "एवढं शुद्ध लिहितात म्हणजे एम. ए. असणार की! घाला." या बातमीला दोन्ही सूत्रांचा दुजोरा आहे.

आणखी एक दुरुस्ती केली तर मला पीएच. डी. देतील. मी घाबरून स्वच्छ अक्षरात लिहून दिलं — 'एम. ए. नाही.' त्यावर मॅडमनी परत बी. ए. केलं, आणि वर माझीच माफी मागितली.

२५ जानेवारी

तोंडीच सांगायचं ठरवून प्राचार्यांकडे गेलो. पटांगणात कुंड्या मोजत होते. रोपवाटिकेतून चाळीस कुंड्या दोन दिवसांसाठी मागून आणल्यात, त्यातल्या एकोणचाळीसच भरत होत्या. वाघमोडे सर माळशिरसचे, उसाच्या गावातले. कुंडीतल्या झाडाला ते झाड मानत नाहीत, पण नॅक मानते.

"सर, पान चौदावर एक चूक आहे."

"शुद्धलेखनाची?"

"नाही, माहितीची. माझ्याबद्दल—"

"अण्णाराव, तुमचा लई आधार हाय मला," खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "सहा तारखेला आपला पाण्याचा दिवस नाही. पाणी पाचला येतंय. टाकी पुरंल का? चार नळ समितीसमोर उघडून दाखवायचेत. पान चौदाचं तुम्हीच बघा. तुमी बघितलं म्हणजे बघितलं."

चाळिसावी कुंडी नागव्वाच्या स्टुलाखाली सापडली. तिनं तीत पान खाऊन थुंकायची सोय केली होती.

३० जानेवारी

पुस्तिका छापली. दोनशे प्रती. मुदत पाळली. पान चौदा — बी. ए. (१९८६). शाईचा वास अजून हाताला आहे. आयुष्यात पहिल्यांदाच तो वास नकोसा वाटला.

५ फेब्रुवारी

रंगीत तालीम. आयेशा मॅडम समितीच्या अध्यक्ष झाल्या, प्राचार्य प्राचार्यच. मॅडमनी विचारलं, "आपल्या महाविद्यालयाची वैशिष्ट्यं?" प्राचार्य तीन वाक्यांतच घामाघूम. म्हणाले, "मॅडम, तुमच्यापुढं असं होतंय, उद्या काय होईल?"

टेबलांवर सोलापुरी चादरी अंथरल्यात. भेटवस्तू द्यायची नाही असा नियम आहे, म्हणून निदान हात तरी लागावा! नागव्वानं कोठीतून कॉलेजची जुनी कात्रणवही शोधून काढली, काचेच्या पेटीत ठेवली. मुखपृष्ठ खाली आणि मलपृष्ठ वर. मी सरळ केली.

चादरींवरचे मोर उलटे आलेत. ते कुणी सरळ केले नाहीत.

६ फेब्रुवारी

सगळं लिहून ठेवतो, जसं झालं तसं.

समिती तिघांची. अध्यक्षबाई भोपाळच्या, केस पांढरे, चष्मा दोरीला. साडेअकराला माजी विद्यार्थ्यांची भेट. आम्ही आठ जण. बाईंनी पुस्तिका उघडली — पान चौदा! — आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बिराजदारजी, आप यहाँ से छियासी में पास हुए?"

'हां' म्हटलं असतं तर संपलं होतं. तोंड उघडलं ते त्यासाठीच. पण छत्तीस वर्षांत माझ्या हातून जाणूनबुजून चूक छापायला गेलेली नाही, आणि ही गेली होती.

उभा राहिलो. "नहीं मॅडम. मैं पास नहीं हुआ. अर्थशास्त्र में रह गया. पन्ना चौदह पे ग़लती है, वो मेरी है."

प्राचार्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

बाई पुस्तिका चाळत म्हणाल्या, "और बाक़ी पन्ने?"

"दो-दो बार जाँचे हैं. विद्यार्थी तीन सौ पच्चीस, गिनके. शौचालय छह, उसमें से पाँच चालू — वैसा ही छपा है. एक आँकड़ा भी बढ़ाया नहीं."

"गमले बहुत सुंदर हैं आपके."

"वो माँगके लाए हैं. लेकिन वो पुस्तिका में नहीं हैं."

प्राचार्यांनी डोळे मिटले. समितीतल्या एका सरांना हसू आवरेना, ते खिडकीशी गेले. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. काय, ते दिसलं नाही. मी उलटं वाचू शकतो, पण अक्षर गिचमिड होतं.

संध्याकाळी गिरिजाला सांगितलं. सगळं, ८६ पासून. ती शेंगा कुटत होती. मुसळ खाली ठेवलं.

"अय्य! म्हणजे अडतीस वर्षं मी घासतेय ती कुणाची डिग्री?"

"कुणाचीच नाही."

"माझे हात बघा चिंचेनं कसे झालेत. कुणाचीच न्हाय म्हणं! मग माझीच धरा." परत कुटायला लागली. नेहमीपेक्षा जोरात. मग, वर न बघता — "बाबांना तरी सांगायचं होतं. ते मरेस्तोवर लोकांना 'आमचा बी. ए. जावई' म्हणत होते."

पाटी काढायला गेलो. एक स्क्रू निघाला, दुसरा गंजलाय. पाटी आता वाकडी लोंबतेय, 'बी. ए.' खालच्या बाजूला.

७ फेब्रुवारी

समिती गेली. प्राचार्य माझ्याशी एकच वाक्य बोलले — "डिग्रीचं ठीक हो, पण कुंड्यांचं कशाला सांगितलंत!"

१२ फेब्रुवारी

येणारा-जाणारा मान वाकडी करून पाटी वाचतो. दूधवाला म्हणाला, "काका, बी. ए. पडायला आली."

२१ फेब्रुवारी

निकाल लागला. बी प्लस! पाच वर्षांसाठी. आयेशा मॅडमनी संकेतस्थळ दाखवलं, प्राचार्यांनी पत्र. कॉलेज राहणार.

प्राचार्यांनी मला पत्र मोठ्यानं वाचायला लावलं. 'संस्थेने सादर केलेली माहिती विश्वासार्ह आढळली.' त्याखाली सूचना — 'परिसरात स्वतःची झाडे वाढवावीत.'

मॅडम रडल्या, मग हसल्या, मग पेढ्यांच्या पुड्यावरचं शुद्धलेखन मला तपासायला लावलं. प्राचार्य म्हणाले, "अण्णाराव, झालं गेलं. पण माजी विद्यार्थी संघाला अध्यक्ष नवा बघायला लागणार. तुमी बोलून बसलाय." बरोबरच आहे. राजीनामा लिहून दिला. दोन ओळी. चूक एकही नाही.

२३ फेब्रुवारी

राजीनाम्याची पोच आणायला गेलो. नागव्वा काचेची पेटी आवरत होती. "सायेब, ह्यात तुमचा पेपर हाय की. बगा तरी."

कात्रणवही. जुलै १९८६. 'आमच्या महाविद्यालयाचा निकाल.' अडतीस वर्षांनी ती यादी समोर. तेव्हा पास व्हायचं होतं म्हणून वाचली होती. आज सवयीनं वाचली, बोट ठेवून, एकेक आकडा.

४१६५, ४१६७, ४१७०, ४१७४, ४१७५, ४१६७, ४१७८.

४१६७ दोनदा! एक आपल्या जागी, आणि एक ४१७५ नि ४१७८ च्या मधे. तिथं तो असूच शकत नाही. तिथं काय असायला हवं, ते पहिलीतलं पोरही सांगेल. सहा आणि सात उलटे पडलेत.

आणि हे मुद्रित कुणी तपासलं असणार? ज्याच्या चुका राहत होत्या म्हणून हलवलं, तो! ज्याच्या खुर्चीत मी छत्तीस वर्षं बसलो!

पण हे एकच सूत्र. बातमी कच्ची.

"नागव्वा, न नेलेल्या जुन्या मार्कलिस्टा कुठं असतात?"

"कोटीत, खालच्या कपाटात. बोचकं बांदून. किल्ली हरवलीया, पन कडी निगती."

२४ फेब्रुवारी

बोचक्यात खालून तिसरी. तेव्हाच्या आमच्या कोल्हापूरच्या विद्यापीठाचा शिक्का, आसन क्रमांक ४१७६. अर्थशास्त्र ३५. पास! दुसरं सूत्र मिळालं.

म्हणजे पान चौदा बरोबर होतं. आख्ख्या पुस्तिकेत चूक नव्हती. दोन दिवसांच्या भेटीत समितीसमोर एकच खोटं विधान झालं — ते मी केलं, उभं राहून.

गिरिजानं चिंच भिजत घातली. उद्या स्क्रूवाला येतोय.

प्राचार्यांना विचारलं, चूक-दुरुस्ती कुठं पाठवू? हात जोडून म्हणाले, "आता गप बसा! पाच वर्षांनी येतीलच की परत. तवा सांगा."

नोंद करून ठेवली. फेब्रुवारी २०२९.