दीड दिवसाचं घड्याळ

१० मे, रविवार. सकाळी ७.
घड्याळ ८ टक्के. परवा संध्याकाळी फुल केलं होतं. म्हणजे दीड दिवस. साडू मल्लिनाथचं नऊ दिवस चालतं. दोन्ही स्मार्टवॉच सासरहूनच आली, मेव्हणा नरसिंगच्या साखरपुड्यात. मी थोरला जावई, मल्लिनाथ धाकटा. पुढे लग्नाच्या पंगतीत मी फक्त एवढंच म्हणालो, की थोरल्याला दीड दिवसाचं आणि धाकट्याला नऊ दिवसाचं, चांगला मान केला. सगळ्यांसमोर म्हणालो. पाठीमागे बोलायचा माझा स्वभाव नाही.
सासूबाई उठून आत गेल्या. दीपमाला माझ्याबरोबर लातूरला आली नाही, माहेरी धर्माबादलाच राहिली. सतरा दिवस झाले. मला काही वाटत नाही.

१७ मे, रविवार.
अधिक महिना लागला. आता प्रश्न मिटला. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला धोंडे जेवायला बोलवावंच लागतं. बोलावणं आलं की जायचं, जेवायचं, दीपमालाला घेऊन यायचं. माफीबिफीचा विषयच नाही.
आपण होऊन फोन करायचा नाही. धोंड्याला जावयाने स्वतःलाच बोलावून घेतलं, असं आमच्याकडे ऐकिवात नाही.

२३ मे, शनिवार.
डाळमिलमध्ये रिंग ऐकू येत नाही म्हणून फोन सायलेंट. कॉल आला की घड्याळ मनगटावर थरथरतं. थरथरलं नाही. तरी खात्री केलेली बरी, म्हणून हात वर करून बघतो. हमाल विचारतात, साहेब, गाडी यायची हाय का? हो म्हणालो.
बॅटरी सव्वा दिवस. माल हलका आहे यात शंका नाही.

३१ मे, रविवार.
पल्स ७४. स्ट्रेस नॉर्मल. झोप साडेचार तास, पण ती मोजण्यातली चूक असणार. चौथा दिवस खिचडी. मीठ घातलं होतं की नाही ते खाऊन झाल्यावरही कळलं नाही.
नवा संकल्प: उद्यापासून चालायला जाणे.

१ जून.
गेलो नाही. घड्याळ बंद पडलेलं. मोजणार कोण?

६ जून, शनिवार.
गंजगोलाईत मोबाईलवाल्या सत्यमकडे गेलो. पुरावा हवा होता. त्याने घड्याळ उलटंपालटं केलं आणि मल्लिनाथचं कोणतं ते विचारलं. मी त्याचा फोटो दाखवला.
सत्यम म्हणाला, "काका, तुमची लई भारीतली हाय. मोठी स्क्रीन, कॉल घेती, रस्ता दाखवती, मिनटामिनटाला नाडी बघती. म्हणून उतरती. त्यांचा साधा पट्टा हाय. त्यात काय हायच न्हाई, तर उतरंल कशानं?"
म्हणजे सासूबाईंनी थोरल्याला थोरल्यासारखंच दिलं होतं. चहा घेतला. गार होता. सत्यम म्हणाला, गरम हाय.

७ जून, रविवार.
रात्रभर विचार करून प्लॅन केला. चूक झाली असं म्हणायची गरज नाही. हेच घड्याळ नऊ दिवस चालवून दाखवायचं, मग धर्माबादला फोन लावायचा आणि सहज म्हणायचं, घड्याळ चांगलं आहे. समजणारे समजतील.
सत्यमने सांगितलेलं एकेक बंद केलं. सतत चालू असणारी स्क्रीन बंद. रस्ता बंद. नाडी बंद. मनगट वर केल्यावर लागणारा उजेड बंद. मेसेज बंद. कॉलची थरथर बंद. सकाळी आठला फुल, १०० टक्के.
नववा दिवस सोळा तारखेला भरतो. अधिक महिना पंधराला संपतो. एका दिवसाने काही बिघडत नाही.

११ जून, गुरुवार.
६२ टक्के. चमत्कार.
संध्याकाळी फोन पाहिला तर नरसिंगचे तीन मिस्ड कॉल. मिस्ड कॉल म्हणजे बोलावणं नव्हे. काम असेल तर पुन्हा करील.

१३ जून, शनिवार.
४१ टक्के. नरसिंगचे आणखी दोन. एक मेसेज: दाजी, फोन उचला. यात धोंडे हा शब्द कुठेही नाही. मी दोनदा वाचला. शिवाय प्रयोग मधेच मोडता येत नाही.

१५ जून, सोमवार.
२१ टक्के. दुपारी मल्लिनाथचं स्टेटस पाहिलं. चांदीचं ताट, तेहतीस अनारसे, मनगटावर तो पट्टा. फोटोत मागे दीपमाला वाढताना. शेजारचा पाट रिकामा, पण त्यापुढेही ताट मांडलेलं.
वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. मिलच्या ऑफिसात बसून राहिलो. तुरीच्या दोन गाड्या येऊन गेल्या म्हणे.

१६ जून, मंगळवार. सकाळी ८.
११ टक्के. नऊ दिवस पूर्ण. जिंकलो.
लगेच फोन लावला. दीपमालानेच उचलला. मी म्हणालो, घड्याळ चांगलं आहे, नऊ दिवस चाललं. मग ते कसं चालवलं तेही सांगितलं. काय काय बंद केलं ते सगळं, क्रमाने.
तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नरसू चार दिवस फोन लावून राहिला. आई काल चार वाजेपर्यंत जेवली न्हाई. तुमचं ताट तसंच होतं."
मी म्हणालो, मग आज येतो.
"आज कशाला? महिना संपला काल. आता फुडच्या धोंड्याला या."
मी विचारलं, आणि तू?
"माझं बी तवाच बघू," असं म्हणून तिने फोन ठेवला.
भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढचा अधिक महिना शोधला. सापडला नाही. ऑफिसातल्या पंचांगवाल्या क्लार्कला विचारलं. मार्च २०२९, म्हणाला.