सही तुझीच हवी

मुळशी,
नोव्हेंबर १९८२

प्रिय ज्ञानदेव,

तुझं पत्र मिळालं. लग्नाची पत्रिकाही त्याच पाकिटात घातलीस, बरं केलंस. मुलीचे वडील पुण्यातले मोठे डॉक्टर, लग्नानंतर त्यांच्याच दवाखान्यात बसणार आहेस, हेही कळलं.

इकडे भातकापणी उरकत आलीय. आपल्या दवाखान्यात नवे डॉक्टर आलेत. तुटक बोलतात, पण पेशंटला ताटकळत ठेवत नाहीत. परवा ताम्हिणीहून फुलाबाई पुन्हा आली होती. तिच्या नवऱ्याचा, सोपानचा, तो कामाला होता त्या कंपनीने काढलेला अपघाती विमा अडकलाय. तो सर्पदंशाने गेला हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, पण विमावाल्यांना डॉक्टरांची सही लागते. केसपेपरवर तुझ्या अक्षरात सगळं आहे, खाली सही तेवढी नाही. फुलाबाई पायरीवर बसून म्हणाली, "नर्सबाई, डाक्टर हितंच व्हते की. म्या त्येंचं पाय धरलं व्हतं. मंग आता सही का करीत न्हाईत?" मला उत्तर माहीत होतं, पण तिला सांगवलं नाही.

घोणस चावलेल्या सोपानला झोळीत घालून आणलं, तेव्हा तू माझ्या खोलीत चहा घेत होतास. कप तसाच ठेवून धावलास. लस दिलीस, नोंद केलीस, कोंडिबाची जीप थांबवून त्याला पुण्याला पाठवलंस. वाटेतच, पिरंगुटपाशी, तो गेला. त्या धांदलीत सही राहिली, त्याचा मला राग नाही. त्या दिवशी तू होतास म्हणून त्याला निदान औषध तरी मिळालं.

राग तुझ्या पत्राचा आहे. तू लिहितोस, नव्या डॉक्टरांना जुनी तारीख घालून सही करायला सांग. मी विचारलं. ते म्हणाले, "ज्याला मी पाहिलंच नाही, त्याच्या कागदावर सही करणार नाही. ज्यांनी तपासलं त्यांनी यावं, सही राहून गेली होती असं लिहावं आणि आजची तारीख घालावी. त्यात लाजण्यासारखं काय आहे?" मग तू लिहितोस, नाहीतर तूच कर, तुला माझी सही येते. येते, ज्ञानदेव. पण मी ती करणार नाही. तुला लपायला माझा हात मिळणार नाही.

तुझी अडचण मला कळते. विमा कंपनीसाठी हे कागद तुझे होणारे सासरेच तपासतात. तुझी त्या दिवशी रजा होती, आणि त्यांना तू सोलापूरला गेल्याचं सांगितलं होतंस.

काल विमा कंपनीचे हैबतराव चौकशीला आले. डॉक्टर रजेवर होते, मग इथे कसे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आदल्या दिवशी पुण्यात डॉक्टरांचा साखरपुडा झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी ते मला भेटायला आले होते. साखरपुड्याचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं, हेही सांगितलं. हैबतराव जरा घुटमळले, म्हणाले, "बाई, हे लिहू का? तुमचंच नाव खराब होईल." मी म्हटलं, लिहा. त्यांनी लिहिलं, खाली मी सही केली. तो कागद आठवड्याभरात तुझ्या सासऱ्यांच्या टेबलावर जाईल. तुला ते त्यांच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. त्याआधी ये आणि सही कर. नाही आलास, तर फुलाबाई, कोंडिबा आणि मी पुण्याला येऊ, आणि तू इथेच होतास हे त्यांच्यासमोर उभं राहून सांगू.

आता माझी मीच,
चंद्रकला