मागचे दोन स्पीकर

४ तारीख, रविवार
आलो एकदाचा नव्या घरात! बदलीच्या गावी ओळखीचं कुत्रंही नाही, पण घर झकास मिळालं. दिवाणखान्यात आधीच्या भाडेकरूचा होम थिएटर तसाच आहे: पडद्याजवळ तीन स्पीकर, सोफ्याच्या मागे लांब भिंतीवर दोन. घरमालक म्हणाले, तो परत न्यायला आलाच नाही, वापरा खुशाल. लेक तिच्या आईकडे असते. बापाकडे यायचं म्हटलं की तिला नेमका अभ्यास आठवतो. पण सिनेमाची वेडी आहे. फोनवर हे सांगितलं, तर सतरा तारखेला येते म्हणाली. स्वारी खूश!

६, मंगळवार
मागचे स्पीकर मुके. पाहिलं तर त्यांच्या वायरी होम थिएटरच्या मशीनमधून उपटलेल्या, टोकं चिकटपट्टीनं गच्च गुंडाळलेली. कोण हा उपद्व्यापी! पट्टी सोलली, लाल लालला जोडली, काळी काळीला. तरी ढिम्म.

७, बुधवार
मेकॅनिक फोनवर म्हणाला, सेटिंगमध्ये सराउंड चालू करा, सोबतचा छोटा माइक सोफ्यावर ठेवा आणि खोलीबाहेर जा. मशीन आपणच प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजतं. मशीननं साफ नकार दिला. पडद्यावर सूचना: खोलीत आवाज आहे, शांतता ठेवा. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, तरी तेच पालुपद. मला हसूच आलं. ऑफिसातून आल्यावर या घरात मी कुणाशी अवाक्षर बोलत नाही, आणि याला गलका ऐकू येतो.

१०, शनिवार
जमलं! पडद्यावर पाऊस पडला तो थेट माझ्या मागे. लेक उडेलच. फक्त मागचा डावा स्पीकर मशीनला अगदी सोफ्याच्या पाठीला टेकलेला दिसतो. मेकॅनिक म्हणाला, मधे कुणीतरी उभं असणार. पण मी तर स्वयंपाकघरात होतो. असो. माइक सोफ्यावरच राहिलाय. संध्याकाळी लेकीशी काय बोलायचं याची मोठ्यानं तालीम केली. ये बाळा, दार उघडंच आहे. म्हणता म्हणता रडू आलं. फार एकटं वाटतं इथे.

१३, मंगळवार
मशीन बंद केल्यावर मागून कुणीतरी खाकरलं. माझ्यासारखंच. वळून पाहिलं, कुणी नाही. खरं सांगायचं तर आधी बरं वाटलं, घरात कुणीतरी आहे म्हणून. भीती नंतर वाटली. सकाळपासून माझा घसा बसलाय.

१५, गुरुवार
सोफ्यामागचं ते माझेच शब्द बोलतं, माझ्याच आवाजात. ये बाळा, ये बाळा — दर वेळी थोडं अधिक चांगलं. आणि माझा आवाज कालच्याहून कमी. वायरी उपटल्या. माइक काढला. पट्टी गच्च गुंडाळली — त्या भाडेकरूनंही हेच — तरी थांबत नाही. लेकीला इथे येऊ द्यायचं नाही.

१७, शनिवार
लेकीला फोन लावला. येऊ नकोस, कसंबसं पुटपुटलो. ती म्हणाली, बाबा, घशाला काय झालं? मघाशी फोनवर लवकर ये म्हणताना तर छान बोलत होता. मी फाटकाशीच आहे.

मी फोन केला नव्हता.

दाराकडे जायचं तर सोफ्याच्या मागून, ते आहे तिथूनच —

बेल वाजली. ओरडतोय, पण आवाजच फुटत नाही, म्हणून लिहितो — कागद खिडकीतून टाकला तर — बाळा, आत येऊ —

मागून माझा आवाज. किती मायेनं. ये बाळा, दार उघडंच