फादरमामा क्रुसावर

२४ जानेवारी २०२६

"प्रार्थना कर किंवा काळजी कर. दोन्ही एकदम जमत नाही." फादर व्हायला सेमिनरीत जाताना दादा म्हणाला होता. मी तेव्हा तेरा वर्षांची. आज एअरपोर्टवर हसू तेच, केस तेवढे गेलेले. पंधरा दिवस आमच्याकडे आखातात, मग रोम. एरवी इंग्रजीतच बोलणारी माझी लेक अवनी धावत सुटली — "फादरमामा!"

२७ जानेवारी

इथल्या वसईकर मंडळाचं नाटुकलं मी लिहिलंय. सव्वाचारशे वर्षांपूर्वी जपानमध्ये क्रुसावर मारलेले फादर, आणि त्यांच्याबरोबर मेलेला आपला वसईचा गोन्सालो. मुख्य फादर करणाऱ्या गुणवंतला ऑफिसने लांब खोर फक्कान बंदरावर धाडलं. घरात खरा फादर असताना शोधायचं कशाला?

"झगाही आयता आहे," दादा म्हणाला. "यल्ला, चला."

३० जानेवारी

तालीम आमच्याच हॉलमध्ये. क्रूस फ्रिजच्या खोक्याचा. दादा भाला लागून मरतो आणि लगेच नाक खाजवतो.

"फादर, हुतात्म्यांना खाज येत नाही," नाटुकलं बसवणारा सुजीत म्हणाला.

"ते तू त्यांना विचारलंस?"

फादरांची बहीण इतिहासात नाही, मी घातली. ती करणारी अस्मी क्लासला गेली, म्हणून मीच उभी राहिले. "जा दादा, मागे वळून पाहू नकोस." दादा वळला आणि डोळा मारला. पोट दुखेपर्यंत हसलो. "मम्मा, यू आर रुइनिंग इट," अवनी.

१ फेब्रुवारी

अस्मी येणार नाही. बहीण मीच. सुजीतला "जा दादा" हे वाक्य जड वाटतं. मला आवडतं — बहिणीने धीटच असावं.

४ फेब्रुवारी

भाकऱ्या थापत होते. दादा ओट्याशी येऊन उभा. रोम नाही म्हणे. जायचंय ते गाव फार पुढे. तिथे गेल्या वर्षभरात दोन फादर मारले गेले.

"आईला रोम सांगितलंस!"

"खोटं कुठे? विमान रोमलाच बदलायचंय." मग हळूच, "चर्च रिकामं आहे गं. मिस्सा कोण करणार?" शेजाऱ्यांच्या कुंड्यांना पाणी घालायला चालल्यासारखा.

भाकरी जळली. त्याने तीच मागून घेतली.

६ फेब्रुवारी

प्रयोग झाला. माझं वाक्य आलं आणि "जा दादा" निघेचना. "दादा, जेवून जा," म्हटलं. हॉल हसला, दादाही. मग सुंदर मेला. खाजवलंसुद्धा नाही.

८ फेब्रुवारी

अकराची फ्लाइट. प्रार्थना जमली नाही, काळजीच केली. झग्याच्या खिशात चिठ्ठी ठेवलीय. नाहीच म्हणेल, तेही हसत. तरी लिहिलं — दादा, जाऊ नकोस.