आमच्या घरी कॉफी पीत नाहीत

सोमवार, ४ मार्च १९९६. सकाळ.
आजपासून देश समजून घ्यायचा. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, ब्राझीलच्या नद्या झोपेतही सांगेन. पण आठ वर्षांत पाच वेळा चलन का बदललं आणि भाव कुणाच्या हातात असतात, ते अजून कुणी सांगितलेलं नाही. नवा रेआल म्हणे टिकणार. आधीच्या चारांबद्दलही हेच म्हणाले होते. आता पेपर बंद. स्वतः निरीक्षण करायचं. महिनाभरात अर्थव्यवस्था खिशात.

मंगळवार, ५ मार्च.
पेपर वाचला. फक्त फुटबॉलपुरता.
दुपारी क्लेओनिसे नावाची मुलगी आली. गळ्यात सरकारी ओळखपत्र. महागाई मोजायला आमचं घर चिठ्ठीत निघालं म्हणे. आठवडाभर जे विकत घ्याल, जे खाल-प्याल, ते या वहीत लिहा. अख्ख्या बेलो होरिझोन्ते शहरात चिठ्ठी नेमकी आमचीच? नव्वद साली लोकांचे बँकेतले पैसे गोठवले, तेव्हाही आधी कुणीतरी गोड बोलून मोजले असणार.
बायको तिला "बस गं पोरी" म्हणाली आणि चीजचे पाव आणायला आत पळाली. झुल्मिरा भोळी आहे.

बुधवार, ६ मार्च.
योजना ठरली. आकडे खोटे द्यायचे. मांस शून्य. साखर शून्य. कॉफी शून्य. भाव चढतील म्हणून पलंगाखाली साठवलेल्या चौदा किलो कॉफीचा त्यांना वास लागता कामा नये.
झुल्मिराने वही वाचली. म्हणाली, "कॉफी पिकवणाऱ्या मिनासमधलं घर आणि कॉफी शून्य? त्यापेक्षा आपण दोघं मेलो असं लिही, पटेल तरी."
तिला शास्त्र कळत नाही. समासात 'डॉक्टरांनी बंद केली' असं लिहून ठेवलं.

शुक्रवार, ८ मार्च.
क्लेओनिसे वही तपासायला आली. न कळवता. भर उन्हात चढ चढून घामाघूम झालेली. झुल्मिरा आधण ठेवायला उठली. मी डोळ्यांनी दटावलं, ती बघेना. मग स्पष्टच सांगितलं, आमच्या घरी कॉफी पीत नाहीत. मुलीला गरम पाणी दिलं. "आभारी आहे, सेऊ अदेमार," असं अदबीने म्हणून ती ते पूर्ण प्यायली. गरम पाणी इतक्या गुमान पिणारी बाई साधी नसते.
ती गेल्यावर झुल्मिरा म्हणाली, "माझ्या आईच्या घरात खायला नव्हतं, तेव्हाही दारात आलेला माणूस कॉफीशिवाय गेला नाही. चाळीस वर्षांत तू मला कधी गरीब केलं नाहीस, अदेमार. आज केलंस."
आवाज चढवला नाही. ओरडली असती तर बरं होतं.

शनिवार, ९ मार्च.
झुल्मिरा सांता लुझियाला, बहिणीकडे. संध्याकाळी येईलच. बॅग मोठी नेली, पण तिला सामान कमी करता येत नाही.

रविवार, १० मार्च.
आली नाही. मेहुणीला फोन केला, म्हणजे फोन चालू आहे का ते पाहायला. इरासी म्हणाली, "ताई अंगणात कॉफी घेतेय, बोलावू?" मी नको म्हटलं. फोनवर कोण ऐकत असेल सांगता येत नाही.

सोमवार, ११ मार्च.
कॉफी करायला घेतली. कापडी गाळणं कुठे ठेवते कोण जाणे. सगळे डबे उघडले. शेवटी केळं खाल्लं. म्हणजे वहीतलं शून्य आता खरं. योजना माझ्या अंदाजापेक्षा चांगली चालली आहे.
फोन चालू आहे का ते दोनदा पाहिलं. चालू आहे. कुणी उचलत नाही.

मंगळवार, १२ मार्च. दुपार.
क्लेओनिसे वही न्यायला आली. मांसावर, कॉफीवर, कशावरच काही बोलली नाही. एवढंच विचारलं, "घरात राहणारी माणसं किती, सेऊ अदेमार?"
इतका सोपा प्रश्न म्हणजे सापळाच. मी म्हटलं, दोन.
तिने ओट्यावरच्या एकुलत्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दोनच लिहू ना?" हळू विचारलं.
लिही, म्हटलं.
तिने पेन्सिलीने लिहिलं. पेन्सिलीचं कुणीही खोडतं, म्हणून माझं पेन पुढे केलं.