गजावरची खूण

१८ जानेवारी, शनिवार

आज सोलापुरात, सात रस्त्याला, बंदुकीच्या सामानाला. चन्नवीरनं आमच्या लग्नाच्या बस्त्यालासुद्धा एवढा उत्साह दाखवला नव्हता! पितळी माप घेतलं, फिरवून लहानमोठं करता येतं. बारूद ठेवायचं शिंग घेतलं, तोंडाला स्प्रिंगचं झाकण. बार पेटवणाऱ्या टोप्यांची डबी. आणि बार ठासायला नवा गज — टोकाला पितळ, अंगानं गुळगुळीत.

माझ्या तोंडून निघून गेलं, जुन्या लाकडी गजावर खूण आहे, ह्याच्यावर नाही. नळी रिकामी असली की जुन्या गजाची खूण बरोबर तोंडाशी येते. आत बार असला की चार बोटं वर राहते. खुणेशिवाय आत काय आहे ते कळणार कसं?

"वहिनींना समदं म्हाईत हाय की!" दुकानदार म्हणाला.

तेवढ्यानं भीड चेपली. मी एक फिरकी उचलली. गजाच्या टोकाला बसते, स्क्रूसारखी. न उडालेला बार तिनं ओढून काढता येतो. चन्नवीर हसला. "उपसायचा कशाला? आमच्या घरातला बार उडतोच." पण घेतली. दुकानदारासमोर नाही म्हणणार कसा!

येताना त्यानं गाडी खड्ड्याखड्ड्यांतून दामटली. मंद्रूप गाव मागं पडलं तेव्हाच मी ओळखलं, आता मार आहे.

१९ जानेवारी

जुन्या गजानं मारलं. पाठीवर सात, आठवा कोपरावर. "दुकानात तोंड चालवतीस व्हय? माझ्यापरीस तुला जास्त कळतंय?"

हा माणूस पीत नाही. तंबाखूसुद्धा नाही. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, गावात मानकरी! प्यायला असता तर दारूला तरी बोल लावता आला असता.

अत्तींनी हळद-तेल लावलं. "सुम्नीरु, शिवानी, सुम्नीरु." गप्प राहा, गप्प राहा. सासू असून इतका मऊ हात माझ्या आईचाही नव्हता. पण आठ वर्षांत लेकाला एकदा "पुरे" म्हणाल्या नाहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबणारा हात तेवढा मायेचा.

२२ जानेवारी

कोपर वळत नाही. डाव्या हातानं भाकरी थापली, फाटली. ताट भिंतीवर.

२७ जानेवारी

जत्रा दोन आठवड्यांवर आली. वीरभद्राची पालखी उठताना आमच्या घरचा ठासणीचा बार उडाल्याशिवाय भोई खांदा देत नाहीत. बार भरायचा घरच्या सुनेनं, उडवायचा मानकऱ्यानं. विधवेचा हात लागायचा नाही.

सासरे होते तोवर तीस वर्षं अत्तींनी भरला. ते गेले आणि गज माझ्या हातात आला. बांगड्या फोडताना अत्ती रडल्या नव्हत्या म्हणतात. गज देताना रडल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

एका वर्षी बार फुसका गेला होता. सासऱ्यांनी वर्षभर पारावर तोंड दाखवलं नाही. अत्ती अजून ते सांगतात आणि सांगताना पदर सारखा करतात.

२ फेब्रुवारी

पिवळीला मारलं. मी रोज भाकरी घालायचे ती कुत्री. गोठ्यापाशी शेपूट हलवत आली, ह्यानं खांद्याला बंदूक लावली. आधी मला वाटलं, भीती दाखवतोय.

"माप बरोबर हाय का बघितलं," म्हणाला. "फावडं आण."

मी खड्डा काढला. अर्धं तोंड नव्हतं तिचं. माझ्या हाताला अजून वास आहे, बारुदीचा आणि तिचा.

४ फेब्रुवारी

काम करताना एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. बार भरायला शिकवताना अत्तींनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं — "एकावर एक कधी घालायचा न्हाय बाई. नळी फुटती. मानूस जातो."

मानूस जातो.

लिहायला भीती वाटत नाही, ह्याचीच भीती वाटते.

८ फेब्रुवारी

ठरलं.

९ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी देवघरासमोर पाट मांडला, बंदुकीला भंडारा लावला. चन्नवीर पालखी सजवायला देवळात. अत्ती गहू निवडत होत्या, पाठमोऱ्या. मी एक माप घातलं, वर चिंधी, ठासलं. मग दुसरं माप. वर चिंधी. ठासलं. गोठ्यात जाऊन जुना गज आणला, नळीत सोडला. खूण आठ बोटं वर.

पिवळी आठवली. कोपर आठवलं. तिसऱ्या महिन्यात पोटावर बसलेली लाथ आठवली, जी मी ह्या वहीतही कधी लिहिली नव्हती.

बंदूक खुंटीला अडकवली. उद्या दहा वाजता तो मरणार.

जेवताना अत्ती म्हणाल्या, "यंदा मी चन्नवीराच्या शेजारी हुबी राहनार. मागल्या साली गर्दीत दिसलाच न्हाय गं."

मी ताट बाजूला सारलं.

१० फेब्रुवारी, सकाळी

उजाडताच उठले. तो विहिरीवर अंघोळीला गेला होता. नव्या गजाला फिरकी बसवली आणि वरचा बार उपसला. आधी चिंधी आली, मग काळी बारूद कागदावर ओतली. भिंतीशी सावली हलल्यासारखी वाटली. वळून बघितलं तर कुणी नाही. जुना गज घालून बघितलं. खूण चार बोटं वर. एकच बार. बरोबर!

बारूद शिंगात परत टाकली. सुटले. अत्तींसाठी सोडला त्याला, देवासाठी नाही आणि त्याच्यासाठी तर नाहीच.

आता हुग्गी, गव्हाची खीर, शिजवायला बसते. जत्रा झाली की माहेरी निघून जाईन, कुंभारीला. हे त्याहून सोपं होतं, मला सुचलंच नव्हतं.

१२ फेब्रुवारी

नळी फुटली.

परवा भोई पालखीपाशी वाकले, त्यानं बंदूक वर केली, अत्ती शेजारी. आवाज नेहमीचा नव्हता. धूर विरला तेव्हा तो गुडघ्यांवर बसला होता आणि डावा हात नव्हता. मनगटापासून पुढं नुसत्या चिंध्या. गळ्यात लोखंडाचा तुकडा घुसलेला. त्यानं माझ्याकडे बघितलं. भंडाऱ्यावर रक्त सांडलं की चिखल होतो, लाल नाही, तपकिरी. सोलापूरला नेईपर्यंत संपला.

अत्तींचा गाल भाजलाय. दोन्ही कानांचे पडदे फाटले. ऐकू येत नाही, येणारही नाही म्हणतात.

मी एकच ठेवला होता. खूण चार बोटं वर होती. मी बघितलं होतं!

की बघितलं नव्हतं?

१५ फेब्रुवारी

पोलीस येऊन गेले. परवाना बघितला, तुकडे गोळा केले. "नळी आज्याच्या काळातली," म्हणाले, तसंच लिहून घेतलं. गावही तेच म्हणतंय.

मला खूण दिसते. कधी चार बोटं, कधी आठ. सांगून टाकावं, मी मारला म्हणून. निदान झोप लागेल.

२३ फेब्रुवारी

आज अत्तींनी मला जवळ बसवलं. ऐकू येत नाही म्हणून मोठ्यानं बोलतात.

"त्या दिशी सकाळी बघितलं मी तुला, बार उपसताना. रागावले न्हाय. तुझ्या जागी मीबी तेच केलं असतं. पन भर जत्रंत बंदूक रिकामी निघाली असती तर माझ्या लेकाची काय लाज ऱ्हायली असती? तू चुलीपाशी गेलीस आनि मी भरला, त्या नव्या गजानं. विधवेनं हात लावला, म्हणून देव कोपला. तुझा काय दोस न्हाय गं."

मी म्हटलं, "अत्ती, आत एक होता. मी वरचाच काढला होता."

परत म्हटलं. मोठ्यानं.

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "व्हय बाई. नळीच जुनी हुती."

मी मान हलवली. मग उठून गोठ्यातला खुणेचा गज आणला आणि चुलीत घातला.